बिशपांच्या दप्तरातील गाव : ‘मोंतायू’चे पुनर्वाचन

मध्ययुगीन युरोप म्हटला की आपल्या मनात दोन चित्रे उभी राहतात. पहिले चित्र प्रवचनांनी आणि संतचरित्रांनी रंगवलेले आहे. उंच कमानींची महामंदिरे, घंटेच्या नादाबरोबर गुडघे टेकणारी प्रजा, संत फ्रान्सिस आणि संत डॉमिनिक यांच्या पावलांनी पुनीत झालेल्या वाटा आणि एकमुखाने श्रद्धा कबूल करणारा समाज त्यात दिसतो. दुसरे चित्र शाळेतल्या इतिहासाने दिलेले आहे. त्यात अंधारयुग आहे, रोगराई आहे, अज्ञान आहे आणि चितेवर जळणारे पाखंडी आहेत. पहिल्या चित्राचा आपल्याला अभिमान वाटतो, दुसऱ्याचा संकोच. मात्र एक उणीव दोन्ही चित्रांत सारखीच आहे. त्यांत माणसे दिसतात ती समुदायाने. भाकरी भाजणारी, मेंढरे राखणारी, शेजारणीशी भांडणारी, मेलेल्या लेकरासाठी रडणारी एकेकटी माणसे त्यांत दिसत नाहीत.

ही उणीव भरून काढणारा एक ग्रंथ १९७५ साली पॅरिसच्या गालिमार प्रकाशनगृहाने प्रसिद्ध केला. ‘मोंतायू’ हे त्याचे नाव आणि एमान्युएल ल रुआ लादुरी हे त्याचे कर्ते. १२९४ ते १३२४ या तीस वर्षांतले एक खेडे एवढाच त्याचा विषय. विद्वानांसाठी लिहिलेल्या या जाडजूड ग्रंथाच्या लाखाहून अधिक प्रती फ्रान्समध्ये खपल्या. १९७८ साली बार्बरा ब्रे यांनी त्याचे बरेच संक्षिप्त केलेले इंग्रजी भाषांतर केले आणि इंग्रजी वाचणाऱ्या जगभर तो पोहोचला. नोव्हेंबर २०२३ मध्ये ल रुआ लादुरी यांचे निधन झाले. जवळजवळ अर्धशतक टिकून राहिलेल्या या ग्रंथाकडे एका कॅथलिक वाचकाने आज कोणत्या नजरेने पाहावे, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा समोर येतो. प्रश्न साधा नाही. कारण या ग्रंथाचा सारा कच्चा माल ख्रिस्तसभेच्या धर्मन्यायालयाच्या दप्तरातून आलेला आहे.

मोंतायू हे दक्षिण फ्रान्समध्ये, पिरेनीज पर्वताच्या उतारावर, समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचीवर वसलेले गाव. फ्वाच्या सरदाराची सत्ता, ऑक्सितान ही बोली, चाळीसेक घरे आणि ग्रंथकाराच्या अंदाजाप्रमाणे दोनशे ते अडीचशे वस्ती. या भागात काथार नावाच्या पंथाने मूळ धरले होते. दृश्य जग, देह आणि सारे जडद्रव्य ही सैतानाची निर्मिती आहे. चांगल्या परमेश्वराने केवळ आत्मे निर्माण केले, असे हा पंथ सांगे. साहजिकच शब्द देहधारी झाला हे त्याला मान्य नव्हते, स्नानसंस्काराचे पाणी मान्य नव्हते आणि ख्रिस्तशरीराची भाकरही मान्य नव्हती. त्याच्या तपस्वी प्रचारकांना लोक ‘भले पुरुष’ म्हणत. तेराव्या शतकातील धर्मयुद्धाने आणि धर्मन्यायालयाने या पंथाचे कंबरडे मोडले होते. तरी १३०० च्या सुमारास पिएर ओतिए आणि त्याच्या साथीदारांनी या डोंगरात तो पुन्हा पेटवला. १३०८ साली कार्कासोनचा धर्मन्यायाधीश जोफ्रुआ दाब्लिस याने मोंतायूतील जवळजवळ सर्व प्रौढांना एकाच छाप्यात पकडले. १३१० साली ओतिए तुलूझ येथे चितेवर चढला.

यानंतर रंगमंचावर येतात ते बिशप झाक फूर्निए. साव्हेर्दँ या गावच्या सामान्य घरातला हा मुलगा सिस्टर्सियन मठवासी झाला, १३११ मध्ये मठाधिपती आणि १३१७ मध्ये पामिए धर्मप्रांताचा बिशप झाला. १३१८ ते १३२५ या काळात त्यांच्या न्यायासनाने ३७० दिवस काम केले, ९८ प्रकरणे चालवली आणि ५७८ वेळा जबान्या घेतल्या. मोंतायूचे सुमारे पंचवीस आरोपी त्यांच्यापुढे उभे राहिले. पुढे १३३४ मध्ये हेच फूर्निए पोप बेनेडिक्ट बारावे झाले. म्हणूनच त्यांच्या दप्तराचा एक लॅटिन खंड व्हॅटिकनच्या ग्रंथालयात सुखरूप राहिला. झां द्युव्हेर्नुआ यांनी १९६५ साली तो तीन भागांत छापला आणि ल रुआ लादुरी यांच्या हाती हा खजिना लागला.

खजिनाच म्हणायचा, कारण फूर्निए यांचे प्रश्न कधी संपतच नसत. आरोपीने पाखंडी प्रचारकाला कोठे पाहिले एवढे कळून त्यांचे समाधान होत नसे. त्या वेळी चुलीपाशी कोण बसले होते, जेवायला काय होते, कोण कोणाशी काय बोलले, हे सारे त्यांना हवे असे. एक अपवाद सोडला तर त्यांनी शारीरिक छळाचा वापर केल्याचे दिसत नाही. तो अपवाद १३२१ च्या कुष्ठरोग्यांच्या प्रकरणाचा. मात्र अन्नपाणी तोडणारी कोठडी, पायांतल्या बेड्या, कपड्यांवर आयुष्यभर शिवून ठेवायचे पिवळे क्रूस आणि मालमत्तेची जप्ती ही साधने त्यांच्यापाशी होती. त्यांच्या कारकिर्दीत पाच जणांना जाळण्यात आले. त्यांपैकी चौघे वाल्देन्सियन पंथाचे होते आणि पाचवा गियोम फोर हा मोंतायूचा होता.

या दप्तरातून ल रुआ लादुरी यांनी जे गाव उभे केले आहे त्याला तोड नाही. ग्रंथाचा पहिला भाग घर आणि मेंढपाळ यांच्याभोवती बांधलेला आहे. घर म्हणजे ‘ओस्ताल’. या एकाच शब्दात घराच्या भिंती, चूल, कुटुंब, वंश आणि वंशाचे दैव हे सारे सामावलेले. घराच्या मध्यभागी स्वयंपाकघर, तेथे रात्री राखेखाली जपून ठेवलेला विस्तव, कडेला बाके, छताला टांगलेले डुकराचे खारवलेले मांस. शेजारी गोठा, हिवाळ्यात माणसांना गुरांची ऊब. गावात गिरणी नव्हती, म्हणून खेचरावर गोण्या लादून दळण खाली आक्स गावी न्यावे लागे. धर्मगुरू पिएर क्लेर्ग याचा बाप वारला तेव्हा घराचे भाग्य घराबाहेर जाऊ नये म्हणून त्याच्या नखांचे तुकडे आणि केस कापून जपून ठेवले गेले. बायका उन्हात बसून एकमेकींच्या आणि पुरुषांच्या डोक्यांतल्या उवा काढीत आणि त्या बैठकीत गावाच्या साऱ्या बातम्यांची देवघेव होई. हे तपशील वाचताना सात शतकांचे अंतर गळून पडते.

ग्रंथातील सर्वांत लोभस माणूस म्हणजे पिएर मोरी हा मेंढपाळ. दरसाल कळप घेऊन तो पिरेनीज ओलांडे आणि कातालोनियाच्या कुरणांत उतरे. घर नाही, बायको नाही, मालमत्ता अंगावर वाहून नेता येईल एवढीच. पण मित्रांना तोटा नाही. जाईल तेथे कोणाच्या तरी बाळाचा तो धर्मपिता होई आणि स्नानसंस्काराच्या मेजवानीवर पदरचे पैसे उधळी. या नात्यांपायी तो मिळकत घालवतो म्हणून गियोम बेलिबास्त हा काथार तपस्वी त्याला बोल लावी. मोरीने त्याचे ऐकले नाही. काथारांचा हा निष्ठावान अनुयायी, ज्या स्नानसंस्काराला त्याचा पंथ निरर्थक मानत होता, त्याच्याच काठावर उभा राहून एकामागून एक नाती जोडत राहिला! माणूस आपल्या सिद्धान्तांत पूर्णपणे मावत नाही, हे ग्रंथकाराने टीकाटिप्पणी न करता दाखवले आहे. ही त्याच्या लेखणीची खरी ताकद.

काळी बाजूही तितक्याच स्पष्टपणे येते. कोकरांवरचा दशांश वसूल करण्यात ख्रिस्तसभेने दाखवलेली कठोरता लोकांच्या मनात किती खोल सलत होती, हे पानोपानी दिसते. खुद्द फूर्निए या वसुलीत मागे नव्हते. ज्या डोंगराळ प्रदेशात मेंढरू हेच धन, तेथे कोकरू नेणारा बिशप मेंढपाळासारखा कसा वाटावा? काथार प्रचारक मागत नसत असे नाही. पण ते घरी येत, चुलीपाशी बसत, लोकांच्या बोलीत बोलत. आणि गावचा धर्मगुरू? पिएर क्लेर्ग वेदीवर मिस्सा अर्पण करी, काथारांना आश्रय देई, गावच्या स्त्रियांना नादी लावी आणि भाऊ बेर्नार हा सरदाराचा कारभारी असल्यामुळे दोन्हीकडची सत्ता घरात ठेवी. कोणाला धर्मन्यायालयाच्या हाती द्यायचे आणि कोणाला वाचवायचे हे तो ठरवू लागला. गढीची विधवा मालकीण बेआत्रिस द प्लानिसोल हिची जबानी या साऱ्यावर प्रकाश टाकते.

मात्र येथेच समीक्षकाला थांबावे लागते. हे सगळे आपल्याला कोणी सांगितले? प्रस्तावनेत ग्रंथकार धर्मन्यायालयापासून मानववंशशास्त्रापर्यंतचा प्रवास मोठ्या उत्साहाने करतात. बिशपांची जिज्ञासा हीच संशोधकाची जिज्ञासा, असा त्यांचा सूर आहे. एकदा तो प्रवास संपला की ग्रंथातून न्यायासन जवळजवळ नाहीसे होते आणि गावकरी ग्रंथकाराशी ओसरीवर बसून गप्पा मारीत आहेत असा भास होतो. वस्तुस्थिती वेगळी होती. आरोपी ऑक्सितान बोलीत बोले, लेखनिक ते लॅटिनमध्ये उतरवी, ‘मी’चा ‘तो’ होई, मग तो मजकूर आरोपीला त्याच्या बोलीत वाचून दाखवला जाई आणि त्यानंतर शुद्ध प्रत तयार होई. प्रत्येक वाक्यामागे बिशपांचा एक प्रश्न उभा आहे आणि प्रत्येक उत्तरामागे कोठडीची भीती. १९८६ मध्ये रेनातो रोझाल्दो या मानववंशशास्त्रज्ञाने नेमक्या याच जागी बोट ठेवले. सत्ताधाऱ्याच्या चौकशीला निरागस कुतूहल समजण्याची चूक ग्रंथकार करतात, असा त्याचा आक्षेप होता. तो मान्य करावाच लागेल.

पिएर क्लेर्गचेच उदाहरण घ्या. १३२० मध्ये त्याला अटक झाली आणि निकालापूर्वीच तो कैदेत मरण पावला. त्याची एकही जबानी दप्तरात नाही. गावातील सर्वांत बोलका माणूस या ग्रंथातील सर्वांत मुका माणूस आहे. आपण त्याला ओळखतो ते त्याच्या वैऱ्यांच्या, सोडून दिलेल्या प्रेयसींच्या आणि स्वतःची मान सोडवू पाहणाऱ्या शेजाऱ्यांच्या तोंडून. त्याची दुष्कृत्ये खोटी होती असे माझे म्हणणे नाही. साक्षी इतक्या आहेत आणि इतक्या जुळतात की ते शक्य नाही. परंतु रंगेल धर्मगुरूचे जे भरघोस व्यक्तिचित्र ग्रंथकाराने रंगवले आहे, त्यातला रंग साक्षीदारांचा किती आणि कादंबरीकाराची नजर असलेल्या इतिहासकाराचा किती, याचा हिशेब त्यांनी वाचकाला द्यायला हवा होता. तो दिलेला नाही.

दुसरा आक्षेप अधिक खोल आहे आणि तो एका कॅथलिक विद्वानाने घेतला. लेओनार्ड बॉइल हे डॉमिनिकन धर्मगुरू, जुन्या हस्तलिखितांचे जाणकार, पुढे १९८४ ते १९९७ या काळात व्हॅटिकन ग्रंथालयाचे प्रमुख. धर्मन्यायालयाशी ज्या संघाचे नाव इतिहासाने कायमचे जोडले, त्याच संघाच्या या सभासदाने १९८१ च्या निबंधात ‘मोंतायू’ची कसून तपासणी केली. लॅटिन शब्दांचे अर्थ लावताना आणि ख्रिस्तसभेच्या रीती समजून घेताना ग्रंथकार कोठे कोठे घसरले हे त्यांनी दाखवून दिले. त्यातला महत्त्वाचा मुद्दा असा, की गावातला धर्मग्राम ग्रंथकाराला नीट दिसलाच नाही. घर दिसले, शय्या दिसली, कळप दिसला. पण रविवारची मिस्सा, वर्षातून एकदाचे पापनिवेदन, मृतांसाठीची प्रार्थना या गोष्टी त्यांच्या लेखी गावाच्या वरवरच्या रूढी ठरल्या. धर्मावर प्रकरणे आहेत, मोक्षाची तळमळ लोकांना खरोखरच होती हेही ग्रंथकार मोकळेपणाने सांगतात. तरीही श्रद्धेचा तपशील त्यांना उवांच्या तपशिलाइतका मोहवीत नाही.

बॉइल यांनी दाखवलेली ही फट दप्तर स्वतःच भरून काढते. त्यातले लोक मरणानंतरच्या जीवनाविषयी अखंड बोलतात. पामिएजवळचा आर्नो जेलिस हा मृतांचे आत्मे आपल्याला भेटतात आणि न्यायाच्या दिवसापर्यंत ते विश्रांतीच्या जागी थांबतात असे सांगे. आक्सच्या गिरणीवर दळण दळताना एका बाईने मेलेली माणसे त्याच हाडामांसाने पुन्हा उठतील हे साफ नाकारले. तिन्याकचा एक शेतकरी म्हणे, आत्मा म्हणजे केवळ रक्त. फूर्निए हे सारे ऐकत होते, लिहून घेत होते. पुढे पोप झाल्यावर १३३६ साली त्यांनी एक महत्त्वाचा धर्मनिर्णय जाहीर केला : शुद्ध झालेल्या आत्म्यांना अंतिम न्यायाची वाट न पाहता परमेश्वराचे साक्षात दर्शन घडते. त्या निर्णयाची कारणे धर्मपंडितांच्या वादात आहेत हे खरे. पण ज्या कानांनी डोंगरातल्या अडाणी माणसांचे मरणविषयक प्रश्न सात वर्षे ऐकले, त्याच माणसाच्या हातून तो निर्णय लिहिला गेला, हे विसरता येत नाही. ‘श्रद्धेचे युग’ म्हणून आपण ज्याचा गौरव करतो त्या युगात गिरणीवरची बाईसुद्धा पुनरुत्थानावर वाद घालीत होती. श्रद्धा तेव्हाही आयती मिळत नव्हती.

दप्तरातील एक हकीकत मला साऱ्या ग्रंथाचे हृदय वाटते. ती मोंतायूची नाही, जवळच्या आर्क गावची आहे. मेंढरांचा धनी रेमों पिएर आणि त्याची बायको सिबिल यांची वर्षाच्या आतली मुलगी मरणाला टेकली होती. प्राद ताव्हेर्निए या काथार तपस्व्याने तिला आपल्या पंथाची अंतिम दीक्षा दिली. यापुढे तिच्या तोंडी दूध घालायचे नाही, म्हणजे मुलीचा आत्मा शुद्ध राहील आणि ती देवदूत होईल, असे आईला बजावण्यात आले. पुरुष घराबाहेर पडले आणि सिबिलने मुलीला पदराखाली घेतले. नवऱ्याला हे कळले तेव्हा तो संतापला. कितीतरी दिवस बायकोवरची आणि लेकीवरचीही त्याची माया आटली. मुलगी आणखी एक वर्ष जगली आणि मग गेली.

मध्ययुगात आईबापांना मुलांविषयी फारसे प्रेम नव्हते, असे मानणाऱ्या फिलिप आरिएस यांच्यासारख्या अभ्यासकांना उत्तर म्हणून ल रुआ लादुरी अशा प्रसंगांकडे बोट दाखवतात. उत्तर बिनतोड आहे. पण प्रसंग तेथे संपत नाही. देह सैतानाचा आहे ही शिकवण जेव्हा एका तान्ह्या जीवाच्या ओठांपर्यंत येऊन पोहोचली, तेव्हा अक्षरशत्रू सिबिलने तिला दुधाने उत्तर दिले. तिच्यापाशी धर्मशास्त्र नव्हते. पण सृष्टी चांगली आहे, देह तुच्छ नाही, ही देहधारणेच्या रहस्यातली मूळ गोष्ट तिच्या कृतीत होती. ग्रंथकाराला येथे मातृप्रेम दिसले. कॅथलिक वाचकाला त्याहून अधिक काही दिसायला हवे.

तरीही, आमचीच बाजू खरी होती, असे म्हणत सुटकेचा निःश्वास टाकण्याचा मोह येथे आवरला पाहिजे. सिबिलची ही कहाणी आपल्याला कळली ती तिला न्यायासनापुढे उभे राहावे लागले म्हणून. जी ख्रिस्तसभा देहाला पवित्र मानत होती, तिच्याच न्यायाने गियोम फोरचा देह जाळला गेला. १३२१ मध्ये बेलिबास्तलाही व्हिलरूज येथे चितेवर जावे लागले आणि त्याला पकडून देण्यासाठी आर्नो सिक्र या हेराने मित्राचे सोंग घेतले. पिएर मोरीला १३२४ मध्ये कैदेची शिक्षा झाली. डोंगर ओलांडणारे ते पाय चार भिंतींत बंद झाले. १२ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी संत पेत्राच्या महामंदिरात जी क्षमायाचना केली, तीत सत्याच्या सेवेच्या नावाखाली घडलेल्या पापांचा स्वतंत्र उल्लेख होता. ती प्रार्थना ज्यांना अनावश्यक वाटली असेल त्यांनी ‘मोंतायू’ जरूर वाचावे.

आपल्या भूमीशीही या विषयाचा एक धागा जुळतो. गोव्यातील धर्मन्यायालय १५६० मध्ये सुरू झाले, मधला थोडा खंड वगळता १८१२ पर्यंत चालले आणि पोर्तुगीज अमलाखालील वसईपर्यंत त्याचा हात पोहोचत होता. ते फूर्निए यांच्या न्यायासनाहून पुष्कळच वेगळे, राजसत्तेच्या छत्राखालचे होते. पण त्याच्या दप्तराचा मोठा भाग नष्ट झाला. त्यामुळे सोळाव्या-सतराव्या शतकातील आपल्या पूर्वजांच्या चुलीपाशी कोण बसे, लेकराच्या जन्मावेळी कोणती जुनी रीत गुपचूप पाळली जाई, नव्या धर्मातले काय त्यांना पटले आणि काय नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकण्याची वाट फार अरुंद झाली आहे. मोंतायूचे गावकरी दुर्दैवी खरे. पण ज्या दप्तराने त्यांना दोषी ठरवले त्यानेच त्यांचे बोल जपून ठेवले.

ग्रंथाचे मूल्यमापन करताना म्हणूनच दोन गोष्टी एकत्र धरून ठेवाव्या लागतात. इतिहासलेखन म्हणून ‘मोंतायू’ने एक नवी दृष्टी दिली. राजे, पोप आणि लढाया यांच्या पलीकडचा समाज एका खेड्याच्या आकारात किती संपूर्णपणे दिसू शकतो याचा हा वस्तुपाठ आहे. त्याची भाषा खेळकर आहे, क्वचित प्रसंगी गरजेपेक्षा अधिक. विशेषतः शृंगाराच्या प्रकरणांत ग्रंथकाराची लेखणी रेंगाळते. पुराव्याच्या जन्मकथेविषयीची त्याची बेफिकिरी हा मोठा दोष आहे. इंग्रजीतून वाचणाऱ्याने आपल्या हाती संक्षिप्त आवृत्ती आहे हेही ध्यानात ठेवावे.

घरातल्या मोठ्या माणसांनी हा ग्रंथ वाचावा आणि वाचताना प्रत्येक जबानीपाशी क्षणभर थांबून विचारावे : हे बोलताना या माणसाच्या समोर कोण बसले होते? हा प्रश्न विचारला की गावकरी पुस्तकातली रंगतदार पात्रे राहत नाहीत. ते आपल्यासारखेच धर्मग्रामस्थ होतात. कोणी श्रद्धाळू, कोणी साशंक, बहुतेक दोन्ही. आपल्या धर्मगुरूंकडून त्यांना मेंढपाळाची अपेक्षा होती आणि अनेकांच्या वाट्याला दशांश वसूल करणारा अधिकारी किंवा पिएर क्लेर्ग आला. त्यांचे म्हणणे बिशपांनी न्यायाधीश म्हणून ऐकले, इतिहासकाराने अभ्यासक म्हणून ऐकले. भाऊबहीण म्हणून ते ऐकून घेण्याचे काम अजून बाकी आहे आणि ते आपल्यासारख्या वाचकांचे आहे.